तुलनेसाठी जुना फोटो उपलब्ध नाही

हे खरं घडलेलं आहे.

रोज सकाळी दिवा लावला की मी मनाशी एकच नेम म्हणते... आज दिवसभरात जाणूनबुजून खोटं बोलणार नाही. तेवीस वर्षं पाळलाय. आजही म्हटला आणि मगच लिहायला बसले. तेव्हा यात मीठमसाला नाही. माझ्या थोरल्या बहिणीने जे पाहिलं ते जसंच्या तसं, आणि शेवटी थोडं मी स्वतः ऐकलेलं.

वार मंगळवार. वेळ एक वाजून दहा मिनिटं.

दुपारचे, बरं का.

असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ताईच्या खोलीत जाऊन बसावं. दवाखान्याच्या तळमजल्यावर, बोळाच्या अगदी टोकाला. खिडकीला काळा कागद. भिंतीवर दुधी काचेची पेटी, आत ट्यूबलाइट. तेवढाच काय तो उजेड. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत कायम तिन्हीसांजा.

ताई डॉक्टर आहे, पण औषध देणारी नाही. ती छातीचे फोटो वाचते. दिवसाला ऐंशी-नव्वद. फिल्म पेटीवर लावायची, बघायचं, चार ओळी लिहायच्या, पुढची फिल्म. पेशंटचा चेहरा तिला कधी दिसत नाही. दिसतात त्या बरगड्या.

शेजारच्या खोलीत फोटो काढणारे काका. सगळे त्यांना फोटोवाले काकाच म्हणतात. माणूस साठीला आलेला, जिभेला हाड नाही. पेशंट घाबरला की म्हणणार, "अहो, हसायची गरज नाही, यात दात येत नाहीत!"

आणि मग त्यांचा तो नेहमीचा ठेका. दिवसभर भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

"छाती फळीला टेकवा. हनुवटी वर. श्वास घ्या... धरून ठेवा..."

खट्.

"सोडा."

सतरा वर्षं ताई हे ऐकत होती. घड्याळाच्या टिकटिकीसारखं. ऐकू येतंय हेही कळत नाही असं.

ताईचीही एक रीत होती. आधी नाव. मग डावी-उजवी खूण. मग श्वासनळी मधोमध आहे का. मग दोन्ही फुप्फुसं, वरून खाली, एक नजर इकडे, एक तिकडे. मग हृदय... छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून मोठं दिसलं तर ते थकलंय, फुगलंय. मग खालचे कोपरे, तिथे पाणी साठतं. मग बरगड्या.

आणि सगळ्यात शेवटी, हृदयाच्या मागे.

हे तिच्या सरांनी शिकवलेलं. "फोटोत हृदय पांढरं दिसतं," ते म्हणायचे. "पांढऱ्याच्या मागे पांढरं लपतं. तिथे मुद्दाम बघावं लागतं. तिथे बघितल्याशिवाय फिल्म खाली उतरवायची नाही."

ताईने ती तशी कधीच उतरवली नाही.

एकदा सोडून.

ती बाई कपडे शिवायची. दवाखान्यापासून चार गल्ल्या सोडून तिचं छोटंसं दुकान, मशीनवर ती आणि तिची मुलगी. सगळे तिला शिवणवाल्या मावशी म्हणत. ताप आणि खोकला घेऊन आल्या होत्या. त्यांचा फोटो पेटीवर लागला आणि ताईला हसूच फुटलं.

गळ्याशी, डाव्या बाजूला, एक बारीक पांढरी रेघ. सरळ, टोकदार. वरच्या टोकाला इवलंसं भोक.

सुई.

"काका, हे काय?"

काका डोकावले. "अगं बाई! कॉलरीत सुई खोचलेली राहिली वाटतं. मावशी कामावरून उठून तशाच आल्या असणार. परत काढू का?"

"नको. बाकी सगळं स्पष्ट दिसतंय."

आणि खरंच दिसत होतं. उजव्या फुप्फुसात खाली मोठा पांढरा ढग. न्यूमोनिया. शिकाऊ पोरानेही सांगितला असता. ताईने चार ओळी लिहिल्या. उजवीकडे न्यूमोनिया, बाकी ठीक.

एक आजार सापडला की नजर खूश होते. झालं काम, म्हणते. ही या कामातली सगळ्यात जुनी चूक. ताई शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना हीच चूक सांगायची. एक सापडलं की थांबू नका, दुसरं शोधा.

त्या दिवशी ती थांबली. हृदयाच्या मागे न बघता तिने फिल्म उतरवली.

मावशींचा न्यूमोनिया बरा झाला. त्या पुन्हा मशीनवर बसल्या.

दहा महिन्यांनी परत आल्या. अर्ध्या झालेल्या. आवाज बसलेला.

नवा फोटो पेटीवर लागला. या वेळी सुई नव्हती. पण हृदयाच्या मागे लिंबाएवढी गोल गाठ.

 ताई उठली आणि रेकॉर्डच्या खोलीतून तिने स्वतः मावशींचा जुना लिफाफा काढून आणला. जुनी फिल्म नव्या फिल्मशेजारी लावली.

सुई. ढग. आणि हृदयाच्या मागे...

होती.

शर्टाच्या बटणाएवढी. गोल, फिकट. दहा महिन्यांपूर्वी तिथेच होती. कुणी मुद्दाम बघितलं असतं तर दिसली असती.

दुपारचा एक वाजून गेला होता. शेजारी काका मावशींचा कुशीच्या बाजूने आणखी एक फोटो काढत होते. ताईने जुनी फिल्म पेटीवरून काढली, पदराखाली धरली आणि बाहेर पडली. फोटोच्या खोलीचं दार उघडं होतं. काका पडद्यामागे फिल्म घालायची कॅसेट शोधत होते. आत मावशी एकट्याच, दोन्ही हात वर, श्वास धरून उभ्या. गाल किंचित फुगलेले. मान न हलवता त्यांनी फक्त डोळे वळवले.

ताईकडे बघितलं.

श्वास सोडू का, असं विचारत होत्या डोळ्यांनी. ताई डॉक्टर. तिने 'सोडा' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

ताई काही बोलली नाही. खाली बघून पुढे गेली. आपल्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात, तळाला अंथरलेल्या कागदाखाली तिने ती फिल्म सरकवली.

आणि नव्या रिपोर्टवर शेवटची ओळ लिहिली...

'तुलनेसाठी जुना फोटो उपलब्ध नाही.'

आठवड्याने मावशींची मुलगी आली. "मॅडम, मोठ्या दवाखान्यात आईचा आधीचा फोटो मागतायत. मिळेल का?"

"सापडत नाहीये गं," ताई म्हणाली. "गहाळ झाला असेल."

"बरं." मुलगी दाराशी घुटमळली. "आई म्हणते, पहिल्यांदा मॅडमनी नीट बघितलं होतं, तेव्हा काही नव्हतं. म्हणजे नशीबच."

ताईने मान हलवली.

मावशी चार महिन्यांत गेल्या.

यातलं अक्षरही ताईने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मला नाही. मी आठवड्यातून दोनदा तिच्या घरी जायचे. ती भाजी निवडता निवडता मध्येच थांबायची, एवढंच दिसायचं.

मग ते सुरू झालं.

दुपारी एकच्या सुमाराला काका डबा खायला वर जायचे. तळमजला रिकामा. ताई मात्र खाली बसूनच खायची. एक दिवस घास हातात असताना भिंतीपलीकडून आवाज आला.

"श्वास घ्या... धरून ठेवा..."

ताई वाट बघत राहिली. कशाची, ते आधी तिच्याही लक्षात आलं नाही.

'सोडा' आलंच नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. बोळातून चपला वाजल्या आणि काका दाराशी आले, हातात धुतलेला डबा.

"काका, आत कुणाचा फोटो काढत होतात?"

"मी? मी वर जेवत होतो, मॅडम. खोलीला कुलूप आहे. ही काय किल्ली."

कान वाजले असतील, म्हणून ताईने सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिने घड्याळ बघून ठेवलं.

एक वाजून दहा मिनिटं.

रोज. "श्वास घ्या... धरून ठेवा..." आणि पुढे शांतता. ताईच्या ध्यानात आलं की ती स्वतःही श्वास धरून बसलेली असते. छाती दुखायला लागली की भान यायचं.

मग सुई दिसायला लागली.

आधी एका म्हाताऱ्या वॉचमनच्या फोटोत. गळ्याशी, डावीकडे, बारीक पांढरी रेघ.

"काका, यांच्या अंगावर काय होतं?"

"काही नव्हतं, मॅडम. उघडेच होते. बनियनसुद्धा काढून घेतलं होतं."

"मग ही सुई कुठून आली?"

काकांनी फिल्म उजेडात धरली. त्यांचा विनोद तोंडातच विरला. "कॅसेटमध्येच काही अडकलं असेल. परत काढतो."

परत काढलेल्या फोटोत सुई नव्हती.

पंधरा दिवसांनी एका बस ड्रायव्हरच्या फोटोत. मग एका बाळंतिणीच्या. दर वेळी तीच जागा, तोच तिरकेपणा. काकांनी कॅसेट बदलल्या, मशीन पुसून काढलं, कंपनीचा माणूस बोलावला. तो म्हणाला, मशीन ठणठणीत आहे.

ताई आता प्रत्येक फोटोत हृदयाच्या मागे दहा-दहा वेळा बघत होती. ऐंशी फोटोंचे चाळीस झाले. घरी आली की डोळे लाल.

"अगं, तू फोटो वाचतेस की पाठ करतेस?" दाजी म्हणायचे.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. शाळेत गणित शिकवतात. सगळ्या घरात मोठ्याने हसणारा तेवढा एकच माणूस. त्यांना तीन आठवडे खोकला होता. "खडूची धूळ आहे गं. निवृत्त झालो की खोकलाही निवृत्त," असं म्हणत टाळत होते. शेवटी ताईने त्यांना ओढतच नेलं.

तोच तो मंगळवार.

दाजी शर्ट काढून फळीला टेकले. ताईने स्वतः बघितलं. गळ्यात काही नाही, अंगावर काही नाही. काकांनी फोटो काढला. "सोडा" म्हणाले, चांगलं ठणठणीत. दाजी वर्ग घ्यायला निघून गेले. काका जेवायला गेले.

ताईने ओली फिल्म पेटीवर लावली.

आधी गळा बघितला.

सुई नव्हती.

तिने सुटकेचा श्वास टाकला. मग रीतीप्रमाणे वरून खाली. श्वासनळी ठीक. फुप्फुसं ठीक. हृदयाचा आकार ठीक. कोपरे स्वच्छ. बरगड्या ठीक.

आणि शेवटी... हृदयाच्या मागे.

गोल. फिकट.

शर्टाच्या बटणाएवढी.

 ताईचे हात सवयीने चालत राहिले. अशी गोल सावली दिसली की पहिली गोष्ट म्हणजे जुना फोटो बघायचा. सावली वर्षानुवर्षं तेवढीच असेल तर भरून आलेला जुना व्रण, घाबरायचं कारण नाही. आधी नसेल आणि आता असेल, तर मात्र...

दाजींचा जुना फोटो होता. नऊ वर्षांपूर्वी शाळेत कायम होताना इथेच काढलेला. ताईनेच वाचलेला.

ती रेकॉर्डच्या खोलीत गेली. दाजींच्या नावाचा खाकी लिफाफा शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आत फिल्म आहे हे वजनावरून कळत होतं. देवाचं नाव घेत ती आपल्या खोलीत आली. फिल्म काढली. पेटीवर लावली.

बरगड्या अरुंद होत्या.

बाईच्या होत्या.

उजवीकडे खाली पांढरा ढग. गळ्याशी डावीकडे... सुई.

ताई वाकली. खालचा खण ओढला, तळचा कागद उचलला. तिने स्वतःच्या हाताने ठेवलेली फिल्म तिथे नव्हती. खण रिकामा.

भिंतीपलीकडून आवाज आला.

"श्वास घ्या..."

आज आवाज काकांचा नव्हता. बसका होता. बाईचा.

"धरून ठेवा..."

ताईने श्वास घेतला. तिला घ्यायचा नव्हता, पण घेतला गेला. आणि छाती तशीच थांबली. सोडू म्हटलं तरी सुटेना. तोंड उघडं, पण हवा बाहेर पडेना. ती भिंतीला धरत उठली, बोळात आली. फोटोच्या खोलीला कुलूप होतं. तिने काचेतून आत बघितलं.

आत कुणी नव्हतं.

मशीन बंद. फळी रिकामी. फक्त फळीच्या वरच्या कडेला, जिथे पेशंट हनुवटी टेकवतो, तिथल्या स्टीलवर श्वासाची वाफ धरली होती. गोल. बघता बघता तिच्या डोळ्यांसमोर विरत गेली...

काका आले तेव्हा ताई बोळात जमिनीवर बसलेली होती. ओठ निळे. त्यांनी घाबरून पाठीवर थाप मारली, "मॅडम! अहो मॅडम, श्वास सोडा!"

तेव्हा सुटला.

दुसऱ्याच दिवशी दाजींना मोठ्या दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन झाला. तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "गाठ आहे. चांगली की वाईट, ते नुसतं बघून सांगता येणार नाही. पाठीतून सुई घालून तुकडा काढावा लागेल. जागा अवघड आहे, अगदी हृदयाला खेटून. धोका नाही असं मी म्हणणार नाही. जुना फोटो मिळाला आणि त्यात ती एवढीच दिसली, तर सुई घालायची गरज नाही. बघा मिळतो का. नाहीतर शुक्रवारी करू."

त्यांनी रिपोर्ट दिला. ताईने शेवटची ओळ वाचली.

'तुलनेसाठी जुना फोटो उपलब्ध नाही.'

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तिने मला सगळं सांगितलं. मी वर लिहिलंय ते सगळं. सांगताना एकदाही रडली नाही. तेच मला जास्त वाईट वाटलं.

"रेकॉर्डची खोली पूर्ण उपसली," ती म्हणाली. "काका आणि मी दोघांनी. ह्यांचा फोटो नाही. कुठेच नाही."

"आणि मावशींचा?"

तिने पिशवीकडे बोट दाखवलं. "फाडून बघितला. कात्रीने कापून बघितला. नाही कापला जात गं."

मी म्हटलं, "ताई, तो आपला नाहीये. ज्यांचा आहे त्यांना देऊन ये."

"नोकरी जाईल."

"दाजींच्या पाठीत सुई जातेय."

तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी चोरी पकडली गेली की बघायची, तशी.

गुरुवारी दुपारी आम्ही दोघी मावशींच्या दुकानात गेलो. दुकान लहान, स्वच्छ. मुलगी मशीनवर होती. आम्हाला बघून तिने पाय थांबवला. मशीन थांबलं तशी खोलीत एकदम फार शांतता झाली.

"मॅडम? तुम्ही?"

ताई बसली नाही. तिने फिल्म काढली, खिडकीच्या उजेडात धरली. "हा तुझ्या आईचा पहिला फोटो."

"सापडला?"

"हरवलाच नव्हता. मी लपवला होता." ताईने फिल्मवर बोट ठेवलं. "हे इथे बघ. हृदयाच्या मागे, हे गोल. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. मी बघितलं नाही. नंतर बघितलं, आणि लपवलं."

मुलीने फिल्म हातात घेतली. बराच वेळ बघत होती. तिचं बोट आधी त्या गोलावर गेलं नाही. सुईवर गेलं.

"ही आईची सात नंबरची," ती म्हणाली. "आम्ही दोन दिवस शोधत होतो."

मग तिचं बोट त्या गोलावर सरकलं.

"एवढंसंच होतं तेव्हा? बटणाएवढं?"

"हो."

"तेव्हा काढता आलं असतं?"

"कदाचित."

"कदाचित म्हणजे काय, मॅडम?"

ताईने डोळे मिटले. "म्हणजे हो."

मला वाटलं ती ओरडेल. हाकलून देईल. तिने फिल्म मांडीवर ठेवली आणि कापडाच्या चुण्या सारख्या कराव्यात तशी हाताने सारखी केली.

"शेवटी शेवटी आईला भ्रम व्हायचा," ती म्हणाली. "दुपार झाली की हात वर करून बसायची. श्वास धरून. मी म्हणायचे, आई, अगं सोड श्वास, गुदमरशील. तर डोळ्यांनीच नाही म्हणायची. नंतर सांगायची... त्या बाईंनी अजून सोडा म्हटलं नाही."

मी ताईकडे बघितलं. 

"मला वाटायचं नर्सबद्दल बोलतेय," मुलगी म्हणाली. "दुपारी एकच्या पुढे सुरू व्हायचं. गेली तीही तेव्हाच. श्वास घेतला, आणि सोडलाच नाही."

"मला माफ..."

"ते माझ्याकडे मागू नका." तिने मापं लिहायची वही पुढे केली. "लिहून द्या. आत्ता जे बोललात ते सगळं. खाली सही करा."

ताईने लिहिलं. उभ्यानेच, कापड कापायच्या टेबलावर. काय दिसलं, केव्हा दिसलं, काय लपवलं. एक ओळ ठळक लिहिली... जुना फोटो उपलब्ध होता. खाली सही, तारीख, वेळ.

वेळ लिहायला तिने घड्याळ बघितलं. एक वाजून दहा.

आम्ही तिथून थेट दवाखान्यात गेलो. तोच कबुलीजबाब ताईला मोठ्या साहेबांकडे द्यायचा होता. बोळात फोटोवाले काका धावत आले. हातात खाकी लिफाफा.

"मॅडम, हे तुमच्या टेबलावर! मी आत्ता कुलूप उघडलं तर समोरच! कुणी ठेवलं?"

दाजींचा लिफाफा.

ताईने तिथेच, बोळातल्या ट्यूबलाइटखाली फिल्म वर धरली. रुंद बरगड्या. पुरुषाच्या. कोपऱ्यात नऊ वर्षांपूर्वीची तारीख. ताईची नजर सगळं सोडून एकाच जागी गेली.

होती.

गोल, फिकट. तेवढीच. ताईने पट्टी लावून मोजली. काकांनी मोजली. नऊ वर्षांत केसभरही वाढलेली नव्हती.

सोबत ताईचाच नऊ वर्षांपूर्वीचा रिपोर्ट होता. 'फुप्फुसं स्वच्छ.' म्हणजे तेव्हाही तिने हृदयामागे बघितलं असेल, तरी तिला ती दिसली नव्हती. ती ओळ वाचून ताई हसली की रडली, मला अजून सांगता येत नाही.

शुक्रवारची सुई टळली. दाजी घरी आले. खोकला खरोखर खडूचाच निघाला.

ताईची चौकशी झाली, ती जागा गेली. मुलीने कागद कुठे दिला, पुढे काय केलं, ते मी इथे लिहिणार नाही. तो तिचा हक्क. तळमजल्यावर नंतर कधीही आवाज आला नाही. काका शपथेवर सांगतात, सुईही दिसली नाही.

मला वाटलं, संपलं.

तीन आठवड्यांनी रविवारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. दाजी काहीतरी मजा सांगत होते. आणि वाक्याच्या मध्येच थांबले.

घास हातात. नजर समोर. गाल किंचित फुगलेले.

मी गमतीने आकडे मोजले. नऊ झाले. मग त्यांनी श्वास सोडला आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं.

"काय झालं दाजी?"

"कुठे काय?"

मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. ताईने माझ्या आधीच बघितलं होतं.

ते रोज होतं. एक वाजून दहाला. शाळेत मुलं हसतात, सर पुतळा झाले म्हणून. डॉक्टरांनी हृदय तपासलं, मेंदू तपासला. सगळं उत्तम. पण नऊचे पंधरा झाले. पंधराचे तीस. एकदा साठच्या पुढे गेले, ओठ निळे पडायला लागले, तेव्हा ताई किंचाळली, "सोडा! अहो, श्वास सोडा!"

त्याच क्षणी सुटला.

तेव्हापासून ताई रोज ठरल्या वेळी त्यांच्याजवळ असते. ते शाळेत असले की फोन करते. एकच शब्द बोलते आणि ठेवून देते. चार वर्षं झाली. एक दिवस चुकलेला नाही. मी देवाचे नेम पाळते, आणि ती हा एक पाळते.

परवा तिला सणकून ताप भरला. शुद्ध नव्हती. म्हणून काल मी फोन लावला. एक वाजून दहाला.

फोन उचलला गेला. कुणी बोललं नाही. मी म्हटलं, "सोडा. श्वास सोडा."

पलीकडून श्वास सुटला.

लांब... खूप लांब. जसा कुणी कित्येक वर्षं धरून ठेवला होता. शेवटाला बारीक घरघर.

दाजींचा श्वास मी ओळखते. तो त्यांचा नव्हता. बाईचा होता.

मग बराच वेळ काही नाही. आणि मग लांबून, धावत आल्यासारखा दाजींचा आवाज. "हॅलो? मेव्हणीबाई? अहो, मी आत्ता व्हरांड्यातून आलो. फोन टेबलावर सुरूच होता. कुणी उचलला?"

"वर्गात कोण आहे दाजी?"

"कुणी नाही. मुलं मैदानावर आहेत." ते थांबले. "आणि हे काय... माझ्या कॉलरीत टोचतंय काहीतरी."

त्यांनी ते काढून बघितलं. काय होतं ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर आज इथे लिहावं लागलं असतं.

ताईचा ताप अजून उतरलेला नाही.

आता एक वाजून सहा मिनिटं झालीत. फोन माझ्या मांडीवर आहे. आज पलीकडे कोण उचलेल, आणि मी सोडा म्हटल्यावर कुणाचा श्वास सुटेल... मला माहीत नाही.

पण म्हणायला तर हवंच.

कुणीतरी वाट बघत उभं आहे.

एक वाजून सात मिनिटं.